कामापुरतं इंग्रजी : लेखांक 12 – वाढ झाली, पण कशी?

मराठीत वाढ सांगायला शब्दांची ददात नाही. भाजी कडाडते, गर्दी उसळते, भाडी गगनाला भिडतात, उधारी साचत जाते. पण इंग्रजी अर्ज किंवा अहवाल लिहायला बसलं, की सगळ्यावर एकच उतारा: 'ड्रास्टिकली इन्क्रीज्ड'. आज त्याचे पर्याय पाहू. उदाहरणं पनवेलची घेऊ, कारण तिथे वाढीचे सगळे प्रकार एकाच गावात भेटतात.

आधी लोकसंख्या. 2001 च्या जनगणनेत पनवेल शहरात सुमारे 1 लाख 4 हजार लोक होते. 2011 मध्ये सुमारे 1 लाख 80 हजार. 'बाय' वापरलं की किती भर पडली ते कळतं, 'टू' वापरलं की आकडा कुठवर पोचला ते. म्हणून 'द पॉप्युलेशन इन्क्रीज्ड बाय अबाउट 76,000', पण 'इन्क्रीज्ड टू अबाउट 1,80,000'. हे दोन शब्द उलटसुलट झाले, तर 76 हजारांची भर पडण्याऐवजी गावच 76 हजारांचं होतं! नाम वापरायचं तर 'अ शार्प इन्क्रीज इन पॉप्युलेशन'. पुढे आकडा असेल तर 'अ‍ॅन इन्क्रीज ऑफ 73 परसेंट'. इथे 'डबल्ड' मात्र लिहू नका. दुप्पट व्हायला शंभर टक्के वाढ लागते.

आता रस्ता. मुंबई-गोवा महामार्ग पनवेलपासून सुरू होतो. गणपतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत चाकरमानी कोकणात निघाले, की वाहनांची रांग हलता हलत नाही. या वाढीला 'स्पाइक' म्हणायचं: आकडा एकदम वर चढतो आणि तितक्याच लवकर खाली येतो. लोकसंख्येला 'स्पाइक' चालणार नाही, कारण आलेली माणसं इथेच राहिली. ती वाढ 'रॅपिड ग्रोथ'. वर्षानुवर्षं थोडी थोडी होत राहिली, तर 'स्टेडी' किंवा 'ग्रॅज्युअल'.

'हाइक' हा शब्द आपल्या वर्तमानपत्रांचा लाडका. भाडं, पगार, पाणीपट्टी यांना तो शोभतो, कारण ती वाढ कुणीतरी ठरवून केलेली असते. पाऊस किंवा गर्दी कुणी ठरवून वाढवत नाही. तिथे 'हाइक' नको.

राहिला 'ड्रास्टिक'. त्यात कठोरपणाची छटा आहे. पाणीटंचाईत 'ड्रास्टिक मेझर्स' घेतले जातात, हे बरोबर. पण नजरेत भरणाऱ्या वाढीसाठी 'सिग्निफिकंट', 'मार्क्ड' किंवा 'सब्स्टॅन्शल' लिहावं. फक्त संख्याशास्त्राच्या अहवालात 'सिग्निफिकंट' जपून वापरा. तिथे त्याचा अर्थ 'मोठी' असा नसतो. निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता कमी आहे, एवढंच तो सांगतो. 'एक्स्पोनेन्शियल'चंही तसंच. ठरावीक काळाने आकडा त्याच पटीने वाढत असेल, तरच तो लिहावा.

थोडक्यात, आधी आकडा पाहा, मग वाढीची चाल ओळखा आणि शेवटी विशेषण निवडा. आकडा हाताशी नसेल, तर विशेषणही सौम्यच ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या सोसायटीच्या नोटिशीतलं किंवा ऑफिसच्या ईमेलमधलं वाढीबद्दलचं एक वाक्य घ्या आणि 'बाय' नि 'टू' दोन्ही वापरून नव्याने लिहा. पुढच्या लेखांकात घट.