बुरशीचा मेंदूज्वर : तीन औषधे आणि त्यांचा क्रम

क्रिप्टोकॉकस ही बुरशी कबुतरांची विष्ठा मिसळलेल्या मातीत आणि कुजक्या लाकडात वाढते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील इमारतींच्या सज्जांवर साठणारी कोरडी विष्ठा झाडताना बुरशीचे कण श्वासावाटे फुप्फुसात जाऊ शकतात. धडधाकट शरीर त्यांना तिथेच रोखते. मात्र एचआयव्हीबाधिताच्या सीडी-४ या रोगप्रतिकारक पेशी रक्ताच्या घन मिलिमीटरमागे १००च्या खाली गेल्या, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे चालू असली किंवा स्टेरॉइड दीर्घकाळ घ्यावे लागले, तर ही बुरशी रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचते आणि मेंदूज्वर होतो. २०२० सालच्या अंदाजानुसार जगभरातील एचआयव्हीबाधितांपैकी सुमारे १,५२,००० जणांना हा आजार झाला आणि १,१२,००० जण त्यात दगावले.

सुरुवात फसवी असते. दोन-तीन आठवडे डोके दुखत राहते, बारीक ताप येतो, उलट्या होतात. पुढे एकाचे दोन दिसू लागतात, बोलण्यात गोंधळ होतो. मान आखडतेच असे नाही. क्षयाचा मेंदूज्वरही असाच दिसतो, म्हणून मणक्यातले पाणी काढून तपासणे अटळ ठरते. त्यात बुरशीचा अंश शोधणाऱ्या पट्टीचा निकाल काही मिनिटांत मिळतो.

उपचारांचा पहिला टप्पा दोन आठवड्यांचा. त्यातले मुख्य औषध अँफोटेरिसिन-बी. बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉलला चिकटून ते पटलाला छिद्रे पाडते. जुन्या स्वरूपात ते मूत्रपिंडांना जाचते आणि रक्तातील पोटॅशियम उतरवते. मेदाच्या सूक्ष्म कुप्यांत बंद केलेले लायपोसोमल रूप त्या मानाने सौम्य आहे. तरीही आधी सलाइन, जोडीला पोटॅशियम आणि वारंवार क्रिएटिनिन तपासणी लागतेच.

मे २०२१मध्ये म्युकरमायकोसिस या दुसऱ्या बुरशीजन्य आजाराची साथ आली, तेव्हा कल्याण-डोंबिवलीतील नातेवाइकांनी ज्या इंजेक्शनसाठी धावाधाव केली, ते हेच. त्याच्या प्रमुख भारतीय उत्पादकांपैकी भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्सचा कारखाना कल्याणशेजारी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत आहे.

आफ्रिकेतील पाच देशांत झालेल्या ‘अँबिशन’ चाचणीनंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२मध्ये एचआयव्हीबाधितांसाठी नवी पद्धत सुचवली : लायपोसोमल अँफोटेरिसिनचा वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅमचा एकच डोस आणि १४ दिवस फ्लुसायटोसिन व फ्लुकोनाझोल. पन्नास किलोच्या रुग्णाला ५० मिलिग्रॅमच्या दहा बाटल्या एकदाच द्याव्या लागतात. चाचणीत दहा आठवड्यांतील मृत्यूंचे प्रमाण २४.८ टक्के राहिले. सात दिवस रोज अँफोटेरिसिन देण्याच्या पद्धतीत ते २८.७ टक्के होते.

फ्लुसायटोसिन बुरशीची जनुकीय यंत्रणा बंद पाडते. एकटे दिल्यास बुरशी त्याला लवकर दाद देईनाशी होते, म्हणून ते जोडीनेच देतात आणि रक्तपेशींवर लक्ष ठेवतात. भारतात ते सहज मिळत नाही. अशा वेळी लायपोसोमल अँफोटेरिसिन किलोमागे ३ ते ४ मिलिग्रॅम रोज १४ दिवस आणि सोबत १,२०० मिलिग्रॅम फ्लुकोनाझोल हा पर्याय उरतो. फ्लुकोनाझोल स्वस्त आहे आणि मेंदूपर्यंत चांगले पोहोचते, पण ते बुरशीची वाढ थोपवते, तिला झपाट्याने मारत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात एकट्या फ्लुकोनाझोलवर भिस्त ठेवणे धोक्याचे असते.

औषधांइतकाच महत्त्वाचा असतो मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब. तो पाण्याच्या २५ सेंटिमीटर स्तंभाच्या वर गेला, तर मणक्यातून पाणी काढून उतरवावा लागतो. गरज पडल्यास रोज. दृष्टी आणि जीव दोन्ही त्याने वाचतात. स्टेरॉइड सरसकट देऊ नये, कारण एका वेगळ्या चाचणीत त्याने अपायच झाला. नव्याने निदान झालेल्या एचआयव्हीबाधिताची एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधेही, चार ते सहा आठवडे थांबून सुरू करतात; घाई केल्यास मृत्यू वाढतात.

दुसऱ्या टप्प्यात आठ आठवडे रोज ८०० मिलिग्रॅम फ्लुकोनाझोल, तिसऱ्यात २०० मिलिग्रॅम. एआरटी नियमित असताना किमान एक वर्ष होऊन सीडी-४ दोनशेवर गेले की ते थांबवता येते. बरे वाटताच मध्येच गोळी सोडली, तर आजार उलटतो.

बुरशीचा अंश लक्षणांच्या काही आठवडे आधीच रक्तात दिसतो. म्हणूनच सीडी-४ शंभरखाली असलेल्या प्रत्येकाची ही रक्तचाचणी व्हायला हवी. अंश सापडला आणि मणक्याचे पाणी स्वच्छ निघाले, तर फ्लुकोनाझोलच्या गोळ्यांनी मेंदूज्वर टाळता येतो. ठाण्यासह सर्व सरकारी एआरटी केंद्रांत एचआयव्हीची औषधे मोफत मिळतात. माहितीसाठी १०९७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.