४४३ शेजारची चांदणी

नंदुरबारच्या क्रिकेटवेड्याने आकडेवारीचे जाडजूड पुस्तक उघडले की पहिली गफलत ‘महाराष्ट्र’ या नावापाशी होते. रणजी करंडकाच्या तक्त्यांत महाराष्ट्र म्हणजे अख्खे राज्य नव्हे. मुंबई वेगळी, विदर्भ वेगळा. गावसकर आणि तेंडुलकर मुंबईच्या पानांवर सापडतात. सातपुड्याच्या पायथ्याचा हा जिल्हा मात्र पुण्याहून कारभार चालणाऱ्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे मोडतो. शहाद्या-तळोद्याच्या वाचकाने आपला संघ शोधायचा तो तिथे.

ते पान काही फिके नाही. दि. ब. देवधरांच्या महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. पण नजर खिळते ती सर्वोच्च धावसंख्येच्या रकान्यावर : भाऊसाहेब निंबाळकर, ४४३*, विरुद्ध काठियावाड, पुणे, १९४८-४९.

त्या सामन्यात महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२ धावांचा तेव्हाचा विश्वविक्रम नऊ धावांवर आला होता. तेवढ्यात काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळायलाच नकार देऊन सामना सोडला. भारतीय प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये ४४३ चा तो आकडा आजही कोणी गाठलेला नाही.

आकड्याशेजारची चांदणी म्हणजे नाबाद. तिची किंमत हिशेबात कळते. निंबाळकरांच्या प्रथमश्रेणी धावा ४८४१ आणि सरासरी ४७.९३. सरासरी काढताना धावांना डावांनी भागत नाहीत, खेळाडू जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. इथे ती १०१ येते. पुण्यात ते बाद झाले असते तर भाजक १०२ झाला असता आणि सरासरी ४७.४६ वर उतरली असती.

अशा नोंदींचे प्रसिद्ध वार्षिक जॉन विस्डेन यांनी १८६४ मध्ये इंग्लंडात सुरू केले. पहिल्या अंकात पाने भरायला कालव्यांच्या लांबीचीही माहिती होती, म्हणजे आकड्यांचा सोस जुनाच! आपल्याकडे ‘द हिंदू’च्या प्रकाशकांनी १९४० च्या दशकात ‘इंडियन क्रिकेट’ हे वार्षिक काढले. मुंबईचे आनंदजी डोसा यांनी तर आयुष्य या रकान्यांना वाहिले. आकाशवाणीच्या समालोचनाला ते आकडे पुरवत.

आता सगळे फोनवर मिळते, हे खरेच. पण फोनवर नाव टाइप करावे लागते, आणि जे नाव ऐकलेलेच नाही ते टाइप करणार कसे? पुस्तकात ब्रॅडमन शोधता शोधता खालच्या ओळीत निंबाळकर भेटतात. अर्थात, पुस्तक कोणते यावर हे अवलंबून आहे. स्टेशनवर मिळणाऱ्या गुळगुळीत पुस्तिकांत बहुधा कसोटीपटू आणि आयपीएलचे तारेच असतात. निंबाळकरांना एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही, त्यामुळे अशा पुस्तिकांत ते नसतातच. रणजीचे तक्ते नसलेले पुस्तक जिल्ह्याच्या मुलांसाठी घेण्यात अर्थ नाही.

घरात जुनी क्रिकेट-वार्षिके पडून असतील, तर ती रद्दीत घालू नका. तालुक्याच्या वाचनालयाला द्या.