लत्तलूर आणि नंदिकड : मांजरा-गोदावरीच्या पट्ट्यातील दोन ग्रामनामे

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांचा नकाशा पुढे ठेवला असता प्रथम मांजरा नदीचे वळण लक्षात येते. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगरात उगम पावून ही नदी पूर्वेकडे लातूर प्रदेशातून बीदरकडे जाते, तेथून पुढे एकाएकी उत्तरेकडे वळते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. उत्तरेस गोदावरी आणि दक्षिणेस व पूर्वेस मांजरा अशा या खोबणीत प्रस्तुत प्रदेशाचा मोठा भाग सामावलेला आहे. पश्चिमेकडे काळ्या कातळाची व काळ्या जमिनीची भूमी, तर देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइटचे खडक उघडे पडू लागतात. मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन भाषांची सीमाही याच टापूत एकमेकींना भिडते.

प्राचीन वाङ्मयात गोदावरीकाठच्या अश्मक जनपदाचा उल्लेख येतो. पाली 'सुत्तनिपाता'तील बावरी ब्राह्मणाच्या कथेत त्याचा आश्रम याच जनपदात, गोदावरीच्या तीरी असल्याचे सांगितले आहे. तेथून त्याचे सोळा शिष्य प्रतिष्ठानमार्गे उत्तरेस गेले. अश्मकांची राजधानी पोतन किंवा पोदन ही सामान्यतः तेलंगणातील बोधन मानली जाते, आणि बोधन हे मांजरेच्या संगमापासून फारसे दूर नाही. यावरून आजचा नांदेड जिल्हा अश्मकाच्या ऐन मध्यात नसला, तरी त्याच्या परिसरात निश्चित येतो. परंतु जनपदांच्या सीमा कथेतून रेखता येत नाहीत. त्यासाठी कोरीव लेखांकडेच वळावे लागते.

वाशीम येथे १९३९ साली वाकाटक नृपती द्वितीय विंध्यशक्ती याचे ताम्रपट सापडले. वंशावळ संस्कृतात आणि दानाचा तपशील प्राकृतात अशी त्यांची रचना असून, दिलेले गाव 'नांदीकड' याच्या उत्तर मार्गात, म्हणजे उत्तरेकडील विभागात, असल्याचे त्यांत म्हटले आहे. हे नांदीकड म्हणजेच नांदेड, हे मत आता बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकात हे गाव एका प्रादेशिक विभागाचे नाव मिरविण्याइतके मोठे होते, एवढे यावरून सिद्ध होते.

लोकांत मात्र 'नंदितट' ही व्युत्पत्ती रूढ आहे. नऊ नंदांशी नाते जोडणारी आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. आख्यायिका बाजूला ठेवू; पण 'तट' सहज टाकून देण्याजोगा नाही. स्वरांमधला एकेरी क जसा प्राकृतात लोपतो तसाच तही लोपतो, आणि ट चा ड होतो. तेव्हा 'नंदिकट' काय किंवा 'नंदितट' काय, दोहोंपासून 'नंदिअड' व पुढे 'नांदेड' हे रूप सारख्याच नियमाने येते. अर्थही जवळचाच आहे. मराठीतील 'कड' म्हणजे काठ, किनारा. ध्वनिनियम येथे निवाडा देऊ शकत नाहीत. निवाडा देतो तो लेख, आणि लेखात 'कड' आहे. 'तट' हे रूप संस्कृतच्या अभिमान्यांना अधिक भारदस्त वाटले असावे, इतकेच म्हणता येईल.

लातूरचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. अमोघवर्ष राष्ट्रकूटाच्या इ. स. ८६६ च्या कर्नाटकातील लेखांत आणि पुढे सौंदत्तीच्या रट्टांच्या लेखांत, हे राजे 'लत्तलूर' नगरीचे अधिपती असल्याचे बिरुद येते. छापील ग्रंथांत हे नाव 'लट्टलूर' असेही दिले जाते. फ्लीट याने प्रथम त्याचा संबंध बिलासपूरकडील रतनपुराशी जोडला होता. पुढे लातूर हेच ते स्थान, हा पक्ष बळकट झाला. ध्वनिदृष्ट्याही तो ग्राह्य आहे. 'सत्त' चे 'सात' आणि 'हत्थ' चे 'हात' होते, त्याच रीतीने 'लत्त' चे 'लात' होते. पुढील ल-कार लागोपाठच्या सारख्या ध्वनीमुळे गळून 'लातूर' उरते. दंत्य त धरला तर ही परंपरा निर्वेध चालते. मूर्धन्य ट धरला तर मात्र एक पायरी अधिक समजावून द्यावी लागते.

बिरुदाचा अर्थ येथे नीट ध्यानात घेतला पाहिजे. रट्ट राज्य करीत होते सौंदत्तीस. लातूर त्यांच्या ताब्यात असल्याची ग्वाही ते बिरुद देत नाही. ती मूळ स्थानाची आठवण आहे. तीच गोष्ट राष्ट्रकूटांची. अळतेकरांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात या घराण्याची मातृभाषा कन्नड मानली, चिं. वि. वैद्यांनी त्यांना मराठे ठरविले. या वादात दोन्ही पक्षांनी लातूरला साक्षीस बोलाविले आहे. कन्नडपक्षाचा आधार नावाच्या शेवटी असलेला 'ऊर'. द्राविडी भाषांत 'ऊर' म्हणजे गाव, आणि देगलूरही जवळच आहे. परंतु केवळ शेवटच्या ध्वनीवरून भाषा ठरविणे धोक्याचे. 'पुर' चा प लोपला की 'उर' होतो, आणि जुन्नर हे तर जीर्णनगरापासून आलेले आहे. शिवाय गावाचे नाव द्राविडी असले, तरी तेथून निघालेल्या एका घराण्याची बोली काय होती, हे त्यावरून कळत नाही. नाव देणारे एक असतात, राहणारे दुसरे.

लेखांची साक्ष अधिक नेमकी आहे. अमोघवर्षाच्या दरबारी रचलेल्या 'कविराजमार्ग' या कन्नड ग्रंथात कन्नड देशाची व्याप्ती कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. कवीची सीमा थोडी ऐसपैस असू शकते. पण पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळी देगलूरच्या परिसरात कन्नड शिलालेख खरोखरच कोरले गेले. दुसरीकडे कंधार येथील तृतीय कृष्णाच्या (इ. स. ९३९–९६७) काळचा लेख संस्कृतात आहे, तेथील विशाल तलावाचे 'जगत्तुंगसमुद्र' हे नाव राष्ट्रकूटांची आठवण सांगते. उत्तरेस पैनगंगेच्या बाजूला किनवट तालुक्यातील उनकेश्वर येथे यादव रामचंद्राच्या काळचा शके १२११ चा (इ. स. १२८९) लेख मराठीत आहे. श्रीनिवास रित्ती व गो. चिं. शेळके यांनी नांदेड जिल्ह्यातील कोरीव लेखांचा संग्रह १९६८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा हे भाषावैविध्य एकत्र पाहण्याची सोय झाली. लेखाची भाषा ही राजसत्तेची व दात्याची भाषा असते, प्रजेची असतेच असे नाही, ही मर्यादा मात्र तेथेही आहे.

बहमनी काळात राज्यकेंद्र बीदरला आले आणि कंधार, उदगीर व औसा येथील किल्ले त्याच्या संरक्षक वर्तुळात बसले. १६३६ मध्ये उदगीर व औसा मोगलांकडे गेले. १७०८ साली नांदेडला गुरू गोविंदसिंगांचे निधन झाले आणि गावाच्या इतिहासास एक सर्वस्वी नवी, पंजाबी धारा येऊन मिळाली. उदगीरची १७६० ची लढाई सर्वश्रुत आहे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मात्र ही सरमिसळ प्रथमच कायद्याच्या रेषेने कापली गेली. बीदर जिल्ह्यातून अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यात आले, तर देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आणि मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे नांदेड जिल्ह्यातून आंध्र प्रदेशात गेली. लातूरचा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. ज्या मांजरेने या प्रदेशाला आकार दिला, तिच्या खोऱ्यातील गावे आता तीन राज्यांच्या दप्तरांत, तीन लिप्यांत नोंदली जातात. त्यांची नावे एकत्र जमवून तपासण्याचे काम बरेचसे शिल्लक आहे.