शिकारी पक्ष्यासाठीं हातमोजा

मोगलांच्या काळीं बाज-बहिरीच्या शिकारीवरील अधिकाऱ्यास मीर शिकार म्हणत. पक्षी उजव्या मुठीवर बसे, म्हणून त्यांस एकच चामडी हातमोजा पुरे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हे पक्षी पाळण्यास बंदी झाली. परंतु संक्रांतीस मांज्यानें पंख कापलेली घार छत्रपति संभाजीनगरांतल्या एखाद्या गच्चीवर पडली, तर आपणांस जोडीच हवी, कारण तिला उचलण्यास दोन्ही हात लागतात.

बकऱ्याचें मऊ, कमावलेलें चामडें घ्यावें. बोटें फांकवून कागदावर पंजाची रेषा काढावी, भोंवतीं बोटभर जागा सोडावी. लांबी कोपराच्या किंचित् अलीकडेपर्यंत. अंगठा, तर्जनी व तळवा यांवर दुसरा थर शिवावा, कारण नख्या तेथेंच रुततात. चोंचीचें भय त्या मानानें कमी! आरीनें आधीं भोंकें पाडून, मेण लावलेला एकच दोरा दोन सुयांनीं दोहों बाजूंनीं ओवावा. एका बाजूचा टांका तुटला तरी दुसरा धरून राहतो. शिवणीची कड बाहेर असावी, नाहींतर बोटांस टोंचते.

फार जाड चामड्याचा मोह मात्र नको. पक्ष्याचें अंग हातास कळेनासें झालें, कीं आपल्याच पकडीनें उरलासुरला पंख मोडतो. आधीं घारीवर फडकें टाकावें, मग पंख मिटवून उचलावें, हवा खेळेल अशा खोक्यांत ठेवावें आणि लागलीच वनखात्यास कळवावें.