जांभळा गोरिला आणि त्याची पिलावळ

बॉन्झी बडी हा जांभळा गोरिला ज्यांच्या कॉम्प्युटरवर एकेकाळी बागडला, ते वाचक आता चाळिशी-पन्नाशीत असतील. २००० सालच्या सुमारास तो फुकट मिळायचा. पडद्यावर झोके घ्यायचा, विनोद सांगायचा, यंत्राच्या आवाजात गाणी म्हणायचा. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसणाऱ्यांना बोलणाऱ्या माकडाचे केवढे अप्रूप! पाठीमागे मात्र हा गडी ब्राउझरचे होमपेज बदलून आपल्या मालकाच्या साइटवर न्यायचा आणि जाहिराती दाखवायचा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००४ साली त्याच्या कंपनीला ७५ हजार डॉलर भरायला लावले, पण ते जाहिरातींसाठी नव्हे. लहान मुलांची माहिती आईवडिलांच्या परवानगीवाचून गोळा केली, हा ठपका होता. होमपेज पळवणे हा तेव्हा कुणाच्या लेखी फारसा गुन्हाच नव्हता.

या पिलावळीशी माझी जुनी सलगी आहे. पेशाने मी कॉम्प्युटरवाला नाही. आयुष्य विम्याच्या कागदांत गेले. पण दिवाळीत कुठल्याही नातेवाइकाकडे गेलो की चकलीच्या बशीपाठोपाठ लॅपटॉप पुढे येतो. ‘काका, जरा बघता का? काहीही उघडलं की भलतंच पान येतं.’ माझ्या वयाचे लोक अशा वेळी चष्मा घरी राहिल्याचे सांगतात. मी सरसावून बसतो. आज कोणता नमुना भेटणार, ही उत्सुकता काही केल्या जात नाही.

व्याख्या उरकून टाकतो. जाहिराती दाखवून पैसे मिळवण्यासाठी तुमच्या यंत्रात मुक्काम ठोकतो तो ॲडवेअर. होमपेज, सर्च इंजिन किंवा नव्या टॅबचे पान ताब्यात घेतो तो ब्राउझर हायजॅकर. तो व्हायरससारखा स्वतःच्या प्रती काढत सुटत नाही, रॅन्समवेअरसारखी खंडणी मागत नाही. म्हणूनच अँटिव्हायरस कंपन्या त्याला हात लावायला बराच काळ कचरत. ‘वापरणाऱ्याने स्वतः आय ॲग्री दाबलंय,’ असे म्हणत ॲडवेअरवाले वकील उभे करत. झँगो नावाच्या कंपनीने तर कॅस्परस्कीवर खटलाच भरला होता. २००९ साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने कॅस्परस्कीच्या बाजूने कौल दिला. अशा खटल्यांच्या भीतीपोटीच ‘पोटेन्शियली अनवाँटेड प्रोग्रॅम’ असा गुळमुळीत शब्दप्रयोग रूढ झाला. चोराला चोर म्हणायची चोरी!

माझा जीव जडला आहे तो २००३ सालावर. त्या वर्षी कूलवेबसर्च हे प्रकरण उपटले. इंटरनेट एक्स्प्लोररची सद्दी होती आणि त्याला भोके पुष्कळ. एखादे बाधित पान नुसते उघडले, तरी मायक्रोसॉफ्टच्या जावा यंत्रणेतल्या फटीतून हा आत शिरायचा. ‘यस’ दाबण्याचीही गरज नसे. त्याच्या सुरुवातीच्या एका अवताराची युक्ती मला आजही थक्क करते. ज्यांना अक्षरे मोठी करून किंवा रंग बदलून वाचावे लागते त्यांच्यासाठी एक्स्प्लोररमध्ये स्वतःची स्टाइलशीट लावायची सोय होती. कूलवेबसर्चने नेमकी तीच सोय पकडली आणि त्या निरुपद्रवी फाइलीत जावास्क्रिप्ट लपवली. मग कुठलेही पान उघडा, ती चालणारच. रोग ओळखू यायचा तो भलत्याच लक्षणावरून: ईमेल लिहायला बसले की कळ दाबल्यावर अक्षर उमटायला वेळ लागायचा. लोक कीबोर्ड बदलून बघत!

त्याच्या मागे लागला मेरैन बेलेकोम नावाचा डच विद्यार्थी. त्याने सीडब्ल्यूश्रेडर हे खास कूलवेबसर्चवरचे औषध लिहिले आणि प्रत्येक नव्या अवताराची तपशीलवार नोंद ठेवली. कोणता कुठे लपतो, काय बदलतो, कसा निघतो, सगळे त्यात आहे. विंडोजची एसव्हीसीहोस्ट ही खरी फाइल; तिच्या नावाला ३२ चा आकडा चिकटवून एक अवतार उजळ माथ्याने वावरत होता. दुसरा एक, सफाईचे प्रोग्रॅम उघडले रे उघडले की त्यांची खिडकीच बंद करायचा. बेलेकोम औषध बदलायचा, समोरचा रोग बदलायचा, असा सामना बरेच महिने चालला. पुढे सीडब्ल्यूश्रेडर एका कंपनीने घेतले, ती कंपनी ट्रेंड मायक्रोने घेतली, आणि २००७ साली बेलेकोमचे दुसरे अपत्य हायजॅकदिस हेही ट्रेंड मायक्रोकडे गेले.

हायजॅकदिसबद्दल मला थांबवू नका. आकाराने इवलेसे, दिसायला रूक्ष. ब्राउझरला नि विंडोजला जिथून जिथून पळवता येते त्या सगळ्या जागा ते तपासायचे आणि यादी काढून द्यायचे. ओळीच्या सुरुवातीला खूण असे: आर-० आणि आर-१ म्हणजे होमपेज व सर्च, ओ-१ म्हणजे होस्ट्स फाइल, ओ-२ म्हणजे ब्राउझरला जोडलेले मदतनीस, ओ-३ टूलबार, ओ-४ म्हणजे यंत्र सुरू होताच आपोआप उठणारे प्रोग्रॅम. यातले चांगले कोणते नि वाईट कोणते, हे मात्र ते अजिबात सांगत नसे. ते माणसाने ठरवायचे. म्हणूनच ते धोक्याचेही होते. उत्साहाच्या भरात सगळ्यांवर टिक करणाऱ्यांची यंत्रे गप्पगार झालेली मी पाहिली आहेत. पण यादी वाचता वाचता कळायचे की आपला ब्राउझर ही एक वस्तू नाही, पन्नास खिट्ट्यांनी जोडलेले यंत्र आहे, आणि त्यातली कुठलीही खिट्टी परक्याच्या हातात असू शकते. आजची साधने एका बटणात सगळे साफ करतात. मला ते जरा बेचवच वाटते.

एवढा आटापिटा कशासाठी? शोधपट्टीसाठी. सफारी ब्राउझरमध्ये आपलेच सर्च आधीपासून लावलेले असावे म्हणून गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यातून बाहेर आले. तुम्ही ‘नाशिक शिर्डी बस’ असे टाइप करता ती रिकामी पट्टी इतकी महाग आहे. हायजॅकर तीच पट्टी न विचारता उचलतो, तुमचा शोध स्वतःच्या पानावरून वळवतो आणि जाहिरातीच्या पैशात वाटा घेतो. पुष्कळदा शेवटी उत्तरे याहू किंवा बिंगचीच दिसतात, म्हणून लोकांना संशय येत नाही.

शिरकावाची मुख्य वाट मात्र फटीतून नव्हे, इन्स्टॉलरमधून गेली. वाण्याने यादीतल्या सामानात न सांगता साबणाची वडी घालावी आणि बिलात लावावी, तशी ही तऱ्हा. जावाच्या अपडेटबरोबर आस्क टूलबारची टिक आधीच केलेली यायची. २०१५ पर्यंत हे चालले, आणि जावा तर सरकारी साइटींसाठीही लागे. इस्रायलमध्ये अशा धंद्यातल्या कंपन्या इतक्या झाल्या की त्या भागाला ‘डाउनलोड व्हॅली’ म्हणू लागले. कंड्युइट आणि बॅबिलॉन या टूलबारांचे माहेर तेच. डाउनलोड डॉट कॉमसारख्या नावाजलेल्या साइटनेही दुसऱ्यांच्या मोफत प्रोग्रॅमांभोवती स्वतःचा इन्स्टॉलर गुंडाळला होता. २०११ साली त्यातल्याच एनमॅप या प्रोग्रॅमचा कर्ता गॉर्डन लायन यावर जाहीरपणे कडाडला. चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने २०१७ साली ‘फायरबॉल’ हा बीजिंगच्या एका जाहिरात कंपनीचा हायजॅकर उघडकीला आणला. जगात २५ कोटी यंत्रे बाधित आणि त्यातली अडीच कोटींहून अधिक भारतात, असा त्यांचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने तो फुगवलेला ठरवला. पण यादीत भारत पहिला होता, याचे मला तरी नवल वाटले नाही. ‘नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश’ हे आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासमध्येच शिकवले गेले.

सगळ्यांत निर्लज्ज नमुना कारखान्यातूनच आला. सप्टेंबर २०१४ पासून लेनोव्होच्या काही घरगुती लॅपटॉपांत सुपरफिश आधीच घातलेले होते. वेबपानांत जाहिराती घुसवता याव्यात म्हणून त्याने स्वतःचे मूळ प्रमाणपत्र विंडोजमध्ये रुजवले. म्हणजे बँकेच्या साइटशी तुमचे कुलूपबंद बोलणे मधल्या मध्ये उघडायची सोय. वर सगळ्या लॅपटॉपांत किल्ली एकच! फेब्रुवारी २०१५ मध्ये रॉबर्ट ग्रॅहम या तज्ज्ञाने त्या किल्लीचा पासवर्ड शोधून काढला: ‘कोमोडिया’. ज्या कंपनीचा कोड सुपरफिशने वापरला होता तिचेच हे नाव. पुढे २०१७ साली लेनोव्होने अमेरिकेतल्या ३२ राज्यांशी ३५ लाख डॉलरवर तडजोड केली.

आता सफाई. मी ती एका ठरावीक क्रमाने करतो. आधी विंडोजच्या सेटिंग्जमधली ‘इन्स्टॉल्ड ॲप्स’ची यादी तारखेप्रमाणे लावतो. त्रास जेव्हा सुरू झाला त्या दिवशी काय काय आले, हे बघितले की निम्मे गुन्हेगार हाती लागतात. मग ब्राउझरची एक्स्टेन्शन: ज्याचे काम घरातल्या कुणाला सांगता येत नाही ते काढायचे. क्रोमच्या मेनूत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन’ असे दिसले आणि यंत्र घरचे असेल, तर कुणीतरी धोरणाच्या नावाखाली एक्स्टेन्शनला खिळा ठोकला आहे असे बहुधा समजावे. काही अँटिव्हायरसही अशी धोरणे लावतात, ते तपासावे. त्यानंतर नोटिफिकेशन. हल्ली निम्म्याहून अधिक तक्रारी तिथेच सुटतात. ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असे सांगणाऱ्या पानावर कुणीतरी अलाऊ दाबलेले असते, आणि मग पडद्याच्या कोपऱ्यात ‘तुमच्या यंत्रात व्हायरस सापडला’ असल्या थापा सुरू होतात. यंत्रात काहीही शिरलेले नसते. साइट सेटिंग्जमध्ये जाऊन ती परवानगी काढली की शांतता.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका दुरुस्तीवाल्याच्या गाळ्यात मी तासन्‌तास बसत असे. त्याने दाखवलेली खोच अजून कामी येते: ब्राउझरच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघायच्या. ‘टार्गेट’ या ओळीत प्रोग्रॅमच्या नावापुढे एखादा वेबपत्ता चिकटवलेला असला, तर होमपेज शंभरदा बदलूनही उपयोग नाही. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर पाहुणा परत येत असेल तर टास्क शेड्यूलर उघडावा. प्रॉक्सीचे सेटिंगही बघावे. आणि क्रोममध्ये सिंक चालू असेल तर आधी ते थांबवावे, नाहीतर साफ केलेली घाण गूगल खात्यातून पुन्हा उतरते. हे सगळे झाल्यावर मी ॲडव्ह्‌क्लीनर फिरवतो. एका फ्रेंच माणसाने लिहिलेले हे छोटे, मोफत साधन २०१६ साली मालवेअरबाइट्सने घेतले. ते त्यांच्याच साइटवरून घ्यावे, सर्चमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून नव्हे. शेवटी ब्राउझर ‘रीसेट’. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड त्यात जात नाहीत, एवढे घरच्यांना आधी सांगावे. क्रोममध्ये पूर्वी सफाईचे साधन आतच होते, ते गूगलने २०२३ साली काढून टाकले.

एक्स्टेन्शनांबाबत मी अलीकडे फार संशयी झालो आहे. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे वीस लाखांवर लोक वापरत असलेले सज्जन एक्स्टेन्शन होते. २०२० साली त्याच्या कर्त्याने ते विकले, नव्या मालकाने आत नको ते घातले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते बाद केले. म्हणजे काल विश्वासू होता तो आज असेलच असे नाही, आणि मालक बदलल्याचे तुम्हाला कुणी कळवत नाही. जाहिराती रोखण्यासाठी मी यूब्लॉक ओरिजिन ठेवतो आणि बाकी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

मराठी माणसाचा हमखास घसरण्याचा दगड वेगळाच आहे: फॉन्ट. कुठल्याही डीटीपीवाल्याच्या यंत्रात बघा. ‘फ्री मराठी फॉन्ट डाउनलोड’ शोधायचे, पानावर चार हिरवी डाउनलोड बटणे, त्यातली तीन जाहिरातीची. लग्नपत्रिकेसाठी एक फॉन्ट हवा होता, त्याच्यासोबत दोन टूलबार आणि एक ‘ड्रायव्हर अपडेटर’ आला. गूगलने विंडोजवरचे इनपुट टूल्स देणे बंद केल्यावर तर त्याच्या प्रती कुठल्या कुठल्या साइटींवर फिरू लागल्या. गरजच नाही हो! इन्स्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्ये विसाहून अधिक वर्षे आहे, आणि २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिकही आला. सेटिंग्जमध्ये भाषा जोडायची, बस्स. फॉन्ट हवेत तर गूगल फॉन्ट्सवर मुक्ता आहे, बालू आहे, पाहिजे तेवढे.

नवीन काही इन्स्टॉल करताना ‘एक्स्प्रेस’ऐवजी ‘कस्टम’ निवडा आणि प्रत्येक टिक वाचा. घरातल्या मुलांना ॲडमिनचे खाते देऊ नका. आणि आज हा अंक खाली ठेवण्याआधी एक काम करा: विंडोज सिक्युरिटी उघडा, ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’च्या सेटिंग्जमध्ये जा, आणि ‘पोटेन्शियली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग’ चालू आहे का बघा. ऑगस्ट २०२१ पासून मायक्रोसॉफ्ट ते आपोआप चालू ठेवते, तरीही जुन्या यंत्रात ते बंद सापडते. त्याच्याखाली ॲप आणि डाउनलोड अशा दोन चौकटी आहेत. दोन्हींवर टिक हवी.