घरी बांधलेल्या विमानातला रिसीव्हर

अमेरिकेत अनेक हौशी लोक घरच्या शेडमध्ये छोटे विमान बांधतात. निम्म्याहून अधिक काम हौशी हातांनी झालेले असले, तर कायद्याने परवाना मिळतो. अशा विमानात आता आजूबाजूची विमाने व हवामान दाखवणारा रिसीव्हर बसवतात. जमिनीवरील केंद्रे ९७८ मेगाहर्ट्झवर हवामानाची माहिती विनामूल्य पाठवतात.

बसवण्याचे काम आमच्या वायरमन बंधूंना नवखे वाटणार नाही. अँटेना विमानाच्या पोटाखाली, ट्रान्सपाँडरच्या अँटेनापासून दूर लावायची. फायबरचे विमान असेल तर तिच्यामागे धातूचा पत्रा द्यायचा. वायरला स्वतंत्र फ्यूज ठेवायचा.

खरी जोखीम पुढेच आहे. पडद्यावरचे ढग या क्षणाचे नसतात. रडारचे चित्र दाखवलेल्या वेळेहूनही पंधरा ते वीस मिनिटे जुने असू शकते, असा इशारा तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ मध्ये दिला. त्यात दोन जीवघेण्या अपघातांचा दाखला होता. शिवाय ज्या विमानात ट्रान्सपाँडर नाही, ते पडद्यावर दिसतच नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, यंत्र बसवून देणाऱ्याने त्याची उणीवही सांगावी. वादळ लांबून टाळायला हा पडदा उपयोगी आहे, त्यातून वाट काढायला नाही.