काळी पाच, ५७ सप्तकं खाली

विंड बँडची तालीम बहुधा बी फ्लॅट लावून सुरू होते. आपल्या पेटीवरची काळी पाच. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, युफोनियम अशा कितीतरी वाद्यांची घडणच या स्वराची. ट्युबावाला आपल्या १८ फुटी गुंडाळलेल्या नळीतून स्वर धरतो. क्लॅरिनेटवाला मुखाखालचा सांधा केसभर बाहेर ओढतो, ट्रॉम्बोनवाला नळी जराशी सरकवतो. स्वरांची थरथर विरत जाते आणि चाळीस-पन्नास छात्यांतली हवा एका सुरात येते.

२००३ साली हाच सूर आकाशात सापडला. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव दिलेली ‘चंद्रा’ ही क्ष-किरण दुर्बीण ययाती तारकासमूहातल्या एका दीर्घिका-गुच्छावर ५३ तास रोखली होती. तिथल्या तप्त वायूत केंब्रिजच्या अँड्र्यू फेबियन यांच्या गटाला लहरी दिसल्या. मधल्या दीर्घिकेतल्या महाकाय कृष्णविवराजवळून उसळणारे झोत वायू बाजूला रेटतात, त्यात पोकळ्या फुगवतात, आणि त्या धक्क्यांनी दाबाच्या लहरी पसरतात. म्हणजे ध्वनीच. स्वर बी फ्लॅट, पेटीच्या मधल्या पांढरी एकपासून ५७ सप्तकं खाली. एका कंपनाला सुमारे १ कोटी वर्षं! हा वायू थंड होऊन आकसायला हवा होता, तो तापलेला का राहतो, हे कोडं या लहरींमुळे सुटेल असं अभ्यासकांना वाटलं. २०२२ मध्ये नासाने तो स्वर ५७-५८ सप्तकं वर चढवून ऐकवला.

म्हणूनच कृष्णविवरावर सिम्फनी लिहायची तर ती विंड बँडसाठी लिहावी, असं मला ठामपणे वाटतं. सिम्फनी म्हटली की व्हायोलिनची फौज डोळ्यांपुढे येते खरी. पण १९५१ साली पॉल हिंडेमिथ यांनी वॉशिंग्टनला यू. एस. आर्मी बँडकडून ‘सिम्फनी इन बी फ्लॅट’ स्वतः वाजवून घेतली, तेव्हा व्हायोलिनशिवाय सिम्फनी होते का, हा प्रश्न मिटला होता. व्हायोलिनचा नाद तारेच्या घर्षणातून निघतो. ययातीत मात्र झोत वायूला ढकलतो आणि वायू हेलकावतो. बँडही दुसरं काय करतो? ढोल-झांजांचा कडकडाट करून विश्व उभं करण्याचा मोह संगीतकारांना फार होतो. माझं मन ट्युबांकडे जातं.

मोठ्या बँडातही ट्युबा चार-पाचच. खर्जातला लांब स्वर ओढताना एकाची हवा संपायच्या आधी शेजारचा भरून घेतो, दोघं एकाच वेळी कधी श्वास घेत नाहीत. समोर बसलेल्याला स्वर कुठे जोडला गेला ते कळत नाही.